कात्रजच्या टाकीतलं प्रवाळ

कात्रजमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात प्रवाळ वाढवायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: समुद्र कुठे आणि कात्रज कुठे! हे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, घाटमाथ्याच्या अलीकडे आणि कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. त्यामुळे आक्षेप बिनतोड वाटतो. पण मग ज्यांच्या दारात समुद्र आहे त्यांच्याकडे प्रवाळांची रेलचेल असायला हवी, आणि कोकणचा किनारा तसं सांगत नाही. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहे; मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही थोडं आहे. मात्र ते सगळं चिवट जातींचं आणि विखुरलेलं. पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांमधून येणारं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्यालगतचं पाणी पार बदलून टाकतात, आणि वर्षातून तीन-चार महिने हा मारा सहन करणारं तेवढंच तिथे टिकतं. याउलट विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरपेक्षा लांब, भर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक नावाचा उंचवटा प्रवाळांनी समृद्ध आहे. तिथवर ना गाळ पोहोचतो ना नदीचं पाणी. क्षार, तापमान आणि प्रकाश वर्षभर जवळपास तेच राहतात. प्रवाळाची खरी गरज अशी स्थिर परिस्थिती ही आहे. समुद्र ती पुरवतो तिथे प्रवाळ वाढतं, पुरवत नाही तिथे किनाऱ्यावर असूनही खुरटतं. म्हणून कात्रजमधल्या टाकीचा विचार ‘समुद्र किती लांब’ इथून सुरू करण्यापेक्षा ‘इथे रोज काय काय हलतं, बदलतं’ इथून करायला हवा.

खुद्द समुद्राचं पाणी ही यातली सर्वांत सोपी बाब आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगाच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतल्या ७७ नमुन्यांचं विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने बारकाईने विश्लेषण केलं आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण खुल्या महासागरात सगळीकडे जवळजवळ सारखंच असतं. बाजारात बादलीतून किंवा पिशवीतून मिळणारं सॉल्ट मिक्स याच आधारावर तयार होतं. एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, लिटरमागे ४००-४२० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम, ८.१ ते ८.३ सामू, एवढं जमलं की कात्रजच्या चौथ्या मजल्यावरही समुद्राचं पाणी तयार होतं. गाडीत कॅन टाकून अलिबागहून पाणी आणण्याची कल्पना मोहक खरी, पण किनाऱ्याचं पाणी गढूळ, ऋतूप्रमाणे पातळ-दाट होणारं आणि सूक्ष्म जीवांनी भरलेलं असतं. बंद कॅनमध्ये घाट चढेपर्यंत त्यातले बरेच मरतात आणि पाणी कुजायला लागतं. मिक्स वापरलेलंच बरं.

मिक्स ज्या पाण्यात घालायचं ते पाणी मात्र कात्रजमध्ये डोकेदुखीचं आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं. ज्या गावाने शहराला पाणी पाजलं, त्याच्याच आजूबाजूच्या नव्या सोसायट्या आता टँकरची वाट बघतात. महापालिकेच्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी तुलनेने मऊ असतं. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून येतं आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका विरघळलेले असतात. टँकरचं पाणी आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या. यातलं कुठलंही थेट वापरू नये, कारण टाकीत पाणी सतत उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे भर नेहमी गोड्या पाण्याचीच घालावी लागते. हिशेब मांडून बघा. दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी उडालं तर वर्षाला ७३० लिटर पाणी भरावं लागतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मान्य मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. समजा पाण्यात ४० आहे, म्हणजे माणसाला पिण्यायोग्य. पण वर्षभरात त्या ७३० लिटरमधून २९ ग्रॅम नायट्रेट टाकीत पडतं. पाणी बदललं नाही आणि ते कुणी वापरलं नाही, तर लिटरमागे जवळजवळ दीडशे मिलिग्रॅम! खुल्या प्रवाळ-समुद्रात ते एक मिलिग्रॅमही नसतं. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनचा टप्पा असलेलं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणीच घ्यावं. ‘घरात आरओ आहेच की’ हे उत्तर पुरत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओत बहुधा चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळण्याची सोय असते, आणि टाकीला नेमकं तेच नको असतं. शिवाय पितळी तोट्या किंवा तांब्याच्या नळीतून आलेलं पाणी टाळावं. माशांना सोसेल इतकं तांबंही बिनकण्याच्या जीवांना मारतं.

उन्हाळ्याचं काय, हा दुसरा आक्षेप. प्रवाळाच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवालं प्रकाशातून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच घडलं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा अडतीस-चाळीसला टेकतो, आणि टाकीला हवे असतात पंचवीस-सव्वीस अंश. तरी या बाबतीत कात्रज मुंबईपेक्षा सुस्थितीत आहे, आणि ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पाण्यावरून वारा घातला की बाष्पीभवन होतं आणि पाणी गार होतं; एक लिटर पाणी उडताना दोनशे लिटरच्या टाकीतून जेवढी उष्णता घेऊन जातं तेवढीने सगळं पाणी जवळजवळ तीन अंशांनी उतरू शकतं. पण हवा आधीच दमट असेल तर बाष्पीभवन मंदावतं. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, म्हणजे मुंबईचा मे महिना, तर बाष्पीभवनाने पाणी कितीही गार केलं तरी २८ अंशांच्या खाली जात नाही. हवा ३८ अंश पण आर्द्रता २० टक्के असेल, म्हणजे पुण्यातली एप्रिलची दुपार, तर ही मर्यादा थेट २१ अंशांपर्यंत उतरते. म्हणजे टाकीवर बसवलेले दोन साधे छोटे पंखे इथे बरंच काम करतात, आणि तेही ज्या महिन्यांत गरज आहे त्याच महिन्यांत. जूननंतर हवा दमट होते तेव्हा पारा आपोआप उतरलेला असतो. दगडी प्रवाळांच्या प्रखर दिव्यांखाली चिलर लागेलही. मध्यम प्रकाशाच्या टाकीला बहुधा लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री हीटर हवाच, कारण टाकी एका रात्रीत चार अंशांनी गार होणं हे सावकाश तापण्याइतकंच वाईट.

मला स्वतःला उन्हापेक्षा विजेची भीती जास्त वाटते. प्रवाह थांबला की टाकीतला प्राणवायू झपाट्याने कमी होतो. खडकांच्या छिद्रांत राहून अमोनिया पचवणारे जिवाणूही श्वास घेतात आणि मासेही. पुण्यात देखभालीसाठी पाणी आणि वीज गुरुवारी बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. गुरुवार निदान आधी माहीत असतो. वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडते ती न सांगता. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी असतो, त्यावर टाकीचा सगळा पसारा चढवला तर तो तासा-दोन तासांत मान टाकतो. त्यावर फक्त पाणी फिरवत ठेवणारा एक वेव्हमेकर जोडावा आणि वीज गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप वेगळा ठेवावा. दिवे दिवसभर बंद राहिले तर प्रवाळाचं काही बिघडत नाही. पाणी थांबलं तर बिघडतं. ज्याला ही एवढी व्यवस्था करणं शक्य नाही त्याने खाऱ्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रवाळाच्या सांगाड्याकडे येऊ, कारण कात्रजच्या टाकीत कोणतं प्रवाळ ठेवावं हा प्रश्न तिथे सुटतो. दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन चुनखडी रचतं. हा साठा किती उरला आहे हे सांगणारी मोजणी म्हणजे क्षारता, छंदिष्टांच्या भाषेत ‘केएच’. काचेच्या कुपीत टाकीचं पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, किटमधलं द्रावण थेंबाथेंबाने सोडत हलवायचं आणि निळा रंग पिवळा व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं. साध्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. समुद्रात ही क्षारता सातच्या जरा खाली असते. आता प्रवाळाने लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरलं असं धरा. कॅल्शियम ४२० वरून ४०० वर येतं, पाच टक्केसुद्धा घट नाही. पण तेवढ्याच चुनखडीसाठी क्षारता २.८ अंशांनी उतरते, म्हणजे ७ वरून थेट ४.२ वर, चाळीस टक्के! पाणी दिसायला तसंच नितळ, मासे मजेत, आणि प्रवाळाच्या बुडापासून उती मागे सरकत पांढरा सांगाडा उघडा पडायला लागलेला. अ‍ॅक्रोपोरा या वेगाने वाढणाऱ्या दगडी प्रवाळाने भरलेली टाकी दिवसाला एक ते दोन अंश क्षारता खाते. ती भरून काढणारा डोसिंग पंप दोन-तीन दिवस बंद पडला की वर्षाची वाढ हातची जाते. त्यामुळे ही जात चोवीस तास खात्रीची वीज आणि रोजची मोजणी मागते. ज्या भागात पाण्याचा स्रोत आठवड्याला बदलतो आणि वीज पावसावर अवलंबून असते, तिथे ही मागणी भारी पडते.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. म्हणजे परवानगीशिवाय ती काढणं, विकणं, जवळ बाळगणं यांना वाघाच्या कातड्याइतकाच कडक कायदा लागू आहे. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अली इथली थोडीशी प्रवाळं आड आली, तेव्हा २०२० मध्ये सरकारी प्रकल्पालाही वन विभागाची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकरवी ती दुसरीकडे हलवावी लागली. ‘हे इंडोनेशियाचं आहे, आपल्याकडचं नाही’ असं दुकानदार सांगतो तेव्हा त्याच्या तोंडी हमीवर भागत नाही. दगडी प्रवाळांचा सगळाच आंतरराष्ट्रीय व्यापार वन्यजीव-व्यापारावरच्या साइटिस कराराखाली परवान्याने चालतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो करार आपल्या कायद्यात आणला. हीच गोष्ट ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खडकांची. समुद्रातून उचललेला तो खडक बहुधा जुन्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. सिमेंट किंवा सिरॅमिकचे सच्छिद्र तयार खडक आणावेत. त्यांत जिवाणू रुजायला वेळ लागतो, एवढाच फरक.

उरतात ती मऊ प्रवाळं आणि त्यांची भावंडं: झोअँथिड, मशरूम आणि चामड्यासारखी जाड टोपी असलेली सार्कोफायटन. परिशिष्टातल्या त्या गटांमध्ये त्यांची नावं नाहीत. काहींना हा दुय्यम पर्याय वाटेल. मला तसं वाटत नाही. निळ्या प्रकाशात हिरव्या-केशरी चकत्यांसारखी उमललेली झोअँथिडची वसाहत बघणाऱ्याला सांगाड्याची आठवणही होत नाही, आणि सार्कोफायटन अधूनमधून चार-आठ दिवस मिटून वरची मेणचट साल टाकतं आणि मग नव्याने फुलतं, हे पाहण्यासारखंच असतं. (नवखा माणूस त्या दिवसांत ते मेलं असं समजून औषधं ओततो. त्या वेळी हात आखडता घेणं हेच औषध.) या टाकीतही क्षारता उतरते, पण सावकाश: खडकावर चढणारं गुलाबी कोरलाइन शेवाळ, शंखगोगलगायी आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सगळे मिळून थोडी थोडी खातात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर बहुतेक भरून निघते. राहिलेल्या फरकासाठी एक जुनाच उपाय आहे, चुन्याची निवळी. एक लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं. ढवळून साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ रात्री थेंबाथेंबाने सोडायची. तिच्यातून कॅल्शियम आणि क्षारता प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात मिळतात, आणि दारं-खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये साचणारा कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन रात्री उतरणारा सामू सावरतो. उडालेल्या पाण्याच्या जागीच ती भरायची असते, त्यामुळे इथली कोरडी हवा पुन्हा उपयोगी पडते. दोनशे लिटरमध्ये दोन लिटर पूर्ण निवळी गेली तर क्षारता एका अंशाहून थोडी जास्त चढते, जे मऊ प्रवाळांना फार होतं; म्हणून पाव ताकदीची पुरे. पानाचा चुना मात्र वापरू नये. त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. शुद्ध, प्रयोगशाळेच्या किंवा अन्नाच्या दर्जाचाच घ्यावा. आणि एकदम ओतू नये, तिचा सामू बाराच्या वर असतो.

आणखी एक गैरसमज: पाणी जितकं निर्जंतुक आणि निःसत्त्व, तितकं प्रवाळ निरोगी. नायट्रेट-फॉस्फेट वाढले की काय होतं ते जलपर्णीने झाकलेल्या कुठल्याही तलावावर दिसतं. टाकीत तोच प्रकार हिरव्या केसाळ शेवाळाच्या रूपाने येतो. म्हणून मासे मोजके, खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच, आणि फेसातून सेंद्रिय मळ काढणारा स्किमर चालू. पण दोन्ही शून्यावर नेलं तर प्रवाळातली शैवालंच उपाशी राहतात, रंग फिका पडतो आणि कित्येकदा तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेटचा थर सगळं व्यापतो. लिटरमागे दोन ते दहा मिलिग्रॅम नायट्रेट आणि थोडंसं फॉस्फेट असावं. नव्या टाकीत तर पहिले महिना-दीड महिना काहीच सोडू नये. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचं किटने दाखवलं की एखादं मशरूम, मग महिन्याने दुसरं काही. क्लाऊनफिश घ्यायचा तर पैदास केलेलाच मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याला सबब उरत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा प्रवाळ पांढरं पडत असल्याचं अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने जाहीर केलं. अशा काळात प्रवाळ घरात शोभेला ठेवावं का? छंदाच्या बाजूने ‘आम्ही प्रवाळ वाचवतो’ असं उत्तर दिलं जातं, ते मला पटत नाही. कात्रजच्या टाकीतलं मशरूम लक्षद्वीपला परत जात नाही, आणि टाकीची वीज शेवटी कोळशातूनच बरीचशी येते. खरं उत्तर मर्यादित आहे: समुद्रातून एकही वसाहत न उचलता हा छंद करता येतो, आणि तसाच करावा. मऊ प्रवाळ तुकड्यातून वाढतं. मशरूम कापलं तर दोन्ही अर्धे काही आठवड्यांत पुरे होतात; झोअँथिड शेजारच्या खडकावर स्वतःहून पसरतं. पुण्यातल्याच एखाद्या जुन्या टाकीतला असा तुकडा, म्हणजे फ्रॅग, घेतला तर तो बंद टाकीतल्या जगण्याला सरावलेला असतो, स्वस्त पडतो आणि समुद्राला त्याची झळ लागत नाही.

फ्रॅग करताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ वंशात, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गात सापडणाऱ्या अतितीव्र विषांपैकी हे एक. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा न घालता कापू नये, तुकडा पाण्याखालीच सोडवावा, आणि टाकी मोडताना असे खडक उकळू नयेत किंवा त्यांवर गरम पाणी ओतू नये. वाफेतून विष हवेत जाऊन संबंध घर आजारी पडल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. खडक काढून टाकायचाच असेल तर ब्लीचच्या थंड पाण्यात, उघड्या गॅलरीत बुडवून ठेवावा. कापल्यानंतर काही तासांत ताप, थंडी, तोंडाला धातूसारखी चव किंवा श्वास लागणं असं काही झालं तर वेळ न घालवता दवाखान्यात जावं, आणि डॉक्टरांना प्रवाळ हाताळलं होतं हे पहिल्यांदा सांगावं, कारण ही शक्यता त्यांच्या मनात आपोआप येणार नाही.